शर्यत संपल्यानंतरची पाच मिनिटे

— बी. ए. द्वितीय वर्षातील एक विद्यार्थिनी

पहाटे पाचच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही रस्त्याने जो कोणी गेला असेल, त्याला डांबरीच्या कडेने धावणारी मुले दिसल्याशिवाय राहिली नसतील. सेनगावचा रस्ता असो, कळमनुरीचा असो, वसमतचा असो की औंढ्याचा. खांद्यावर टॉवेल, हातात मोबाईलचे घड्याळ आणि मनात एकच शब्द : भरती. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे, त्यामुळे खाकी गणवेश आम्हांला लहानपणापासून ओळखीचा. ज्या घरात दोन एकर सोयाबीनवर पाच माणसे जगतात, त्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला तो गणवेश काय वाटत असेल, हे ह्या अंकाच्या बहुतेक वाचकांना मी सांगण्याची गरज नाही.

२०२४ च्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची होती. त्यांतले २० गुण एकट्या लांब धावण्याचे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. उरलेले गुण १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांत वाटलेले. राखीव दलाला तर ५ किलोमीटर धावायचे आणि १०० पैकी ५० गुण त्याचेच. सेकंद हुकले की गुण हुकले. त्यामुळे मैदानावर सगळ्यांचे डोळे घड्याळावर असतात यात नवल नाही. शेवटची रेघ ओलांडली की कोणीतरी वेळ ओरडून सांगतो, ती वहीत लिहिली जाते, आणि धावणारा गुडघ्यांवर हात ठेवून वाकतो किंवा सरळ मातीत आडवा पडतो. त्याच्याकडे मग कोणी बघत नाही. घड्याळ बंद झालेले असते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की घड्याळ तिथे बंद करणे ही आपल्या मैदानांवरची सर्वांत मोठी चूक आहे. धावणे रेघेवर संपत नाही. त्यानंतरची पाच मिनिटे, आणि त्यातही पहिले मिनिट, धावणाऱ्याच्या शरीराविषयी जे सांगते ते धावण्याची वेळही सांगत नाही. ते ऐकायला यंत्र लागत नाही. मनगटावर दोन बोटे आणि भिंतीवरचे किंवा हातातले कोणतेही घड्याळ पुरते. तरीही आपण नाडी मोजत नाही. का मोजत नाही, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही, म्हणून थोडे स्वतःविषयी सांगते. गेल्या पावसाळ्यात मी गावातल्या चार मुलींबरोबर ८०० मीटरचा सराव सुरू केला. आम्हांला धावायला शिकवणारे एक भाऊ होते. मनाने चांगले, पैसे घेत नसत, स्वतः दोन भरत्या हुकलेले. त्यांच्याजवळ घड्याळ होते आणि आवाज होता. पहिल्या पंधरवड्यात सगळ्यांच्या वेळा सुधारल्या. माझी वेळ सुधारली आणि मग तिथेच थांबली. ३ मिनिटे २५ सेकंद. पण वेळेपेक्षा मला दुसरीच गोष्ट खटकायची. बाकीच्या मुली रेघ ओलांडल्यावर थोड्या वेळात हसायला-बोलायला लागत. मी मात्र लिंबाच्या झाडाला पाठ टेकून बसून राही, आणि छातीत जे चाललेले असे ते थांबायचे नावच घेत नसे. "हिच्यात दमच नाही," असे एक मैत्रीण म्हणाली. भाऊ म्हणाले, "अंग चोरायलीस तू." मलाही ते खरे वाटले. आपण आळशी आहोत असे एकदा मनाने घेतले, की माणूस त्यावर एकच औषध करतो : आणखी पळतो. मी संध्याकाळीही पळायला लागले.

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी आमच्या गल्लीतल्या आशाताई त्या रस्त्याने चालल्या होत्या. मी झाडाखाली बसलेली बघून थांबल्या. "किती वेळ झाला गं थांबून?" पाच मिनिटे झाली असतील, असे मी सांगितले. "अन् अजून धापा टाकायलीस? हात दे इकडं." त्यांनी मोबाईलकडे बघत पंधरा सेकंद मोजले आणि मग पुन्हा पंधरा सेकंद मोजले. दोन्ही वेळा बत्तीस. म्हणजे मिनिटाला १२८. मग त्यांनी माझी खालची पापणी ओढून बघितली, नखे बघितली, आणि विचारले, "रक्त कधी तपासलंस?" मी कधीच तपासले नव्हते. त्याच आठवड्यात त्या मला दवाखान्यात घेऊन गेल्या. हिमोग्लोबिन निघाले ८.६. माझ्या वयाच्या मुलीचे ते किमान १२ असावे लागते.

म्हणजे जो दम माझ्यात नव्हता, तो अंगचोरपणामुळे नव्हता असे नव्हे. तो रक्तातच नव्हता. हे कळायला तीन महिने लागले. पहिल्या दिवशी कोणी नाडी मोजली असती, तर तीन मिनिटे लागली असती.

आता नाडी काय सांगते ते, मला जेवढे समजले तेवढे, मांडते. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. शास्त्र शाखेच्या प्राध्यापकांनी चूक आढळल्यास कान धरावा.

आपण धावतो तेव्हा मांड्या-पोटऱ्यांच्या स्नायूंना प्राणवायू लागतो आणि तो रक्तातून येतो, म्हणून हृदय अधिक वेगाने रक्त ढकलते. हृदयाला जोडलेल्या मज्जातंतूंच्या दोन जोड्या आहेत असे समजा. एक हाकणारी आणि एक लगाम ओढणारी. बसलेलो असताना लगाम ओढलेला असतो. म्हणून निरोगी प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० च्या दरम्यान चालते, आणि नियमित धावणाऱ्यांची ६० च्याही खाली जाते. धावायला लागलो की आधी लगाम सैल सुटतो, मग हाकणे सुरू होते. थांबलो की उलट होते. पहिल्या मिनिटात मुख्यतः लगाम परत ओढला जातो. हाकणे मात्र हळूहळू, पुढची काही मिनिटे घेऊन थांबते. म्हणून पहिल्या मिनिटात नाडी झपाट्याने उतरते आणि नंतर सावकाश. ज्याच्या शरीराला सरावाची सवय झाली आहे त्याचा लगाम चटकन लागतो. ज्याला ती नाही, किंवा ज्याच्या अंगात काही बिघाड आहे, त्याची नाडी वरच रेंगाळते.

नाडी किती वर जावी याचे एक सोपे गणित सगळीकडे सांगितले जाते : २२० वजा वय. माझे वय १९, म्हणजे २०१. हे गणित १९७० च्या सुमाराचे आहे आणि ते अंदाजापुरतेच आहे. माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यामुळे "माझी १९८ गेली" म्हणून छाती काढण्यातही अर्थ नाही आणि घाबरण्यातही नाही. आमच्या वर्गात मनगटावर काळा पट्टा बांधणारी दोन-तीन मुले आहेत. रेघेवर आली की पट्ट्यावरचा सर्वांत मोठा आकडा एकमेकांना दाखवतात. त्यांना मी एवढेच विचारते, की एका मिनिटाने तो आकडा किती झाला? तो कोणी बघितलेला नसतो. दीड-दोन हजारांचा पट्टा आणि त्यातला कामाचा आकडाच वाया.

ह्या एका मिनिटाचे महत्त्व डॉक्टर लोकांनाही फार जुने ठाऊक नव्हते. १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ ह्या नियतकालिकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी २४२८ माणसांना चालत्या पट्ट्यावर चालवून-पळवून त्यांची नाडी मोजली, आणि पुढे सहा वर्षे त्यांचे काय झाले याची नोंद ठेवली. थांबल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांची नाडी १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरली होती, त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे अधिक आढळले. हे वाचून कोणी उद्या मैदानावर बोटे लावून रडत बसू नये. ती माणसे आपल्या आईवडिलांच्या वयाची होती, आणि हृदयाची तपासणी करायला म्हणून आलेली होती. एकोणीस वर्षांच्या मुलाची नाडी एका मिनिटात साधारणतः वीस-तीस ठोके किंवा त्याहूनही अधिक उतरते. मी हा अभ्यास सांगितला तो एवढ्यासाठी, की जी गोष्ट मोजायला अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एवढी खटपट केली, ती आपल्या मनगटावर फुकट आहे.

फुकट आहे, पण नीट मोजली पाहिजे. अंगठ्याने नाडी बघू नये, अंगठ्याची स्वतःची नाडी मध्ये येते. तर्जनी आणि मधले बोट मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली ठेवावे. मनगटावर सापडली नाही तर गळ्याच्या एका बाजूला हलकेच. दोन्ही बाजू एकदम दाबू नयेत. धावून थांबल्याबरोबर पूर्ण मिनिट मोजत बसलो तर मोजता मोजताच ती उतरते, म्हणून दहा किंवा पंधरा सेकंद मोजून सहाने किंवा चाराने गुणावे. दहा सेकंदांत एक ठोका चुकला तर हिशेबात सहाचा फरक येतो, हे ध्यानात ठेवावे. थांबल्याक्षणी एकदा, बरोबर एका मिनिटाने एकदा, तीन मिनिटांनी आणि पाच मिनिटांनी. चार आकडे. आणि पहाटे अंथरुणात, उठण्याआधी, एकदा पूर्ण मिनिट. तो पाचवा आकडा मला तर सर्वांत प्रामाणिक वाटतो. रोज ७० असणारी नाडी एखाद्या पहाटे ८२ आली, तर रात्री झोप झालेली नाही, किंवा कालचा सराव अंगावर आला आहे, किंवा ताप येऊ घातला आहे. त्या दिवशी जोरात पळू नये.

दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघण्यात फारसे हशील नाही. आपलाच कालचा आणि आजचा ताडावा. मात्र आकडा वर राहिला म्हणजे प्रत्येक वेळी रोगच असतो असेही नाही. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळीसच्या वर जातो. त्या उन्हात हृदयाला स्नायूंनाही रक्त पुरवायचे असते आणि अंग निववण्यासाठी कातडीकडेही न्यायचे असते. घामाने पाणी गेलेले असते, म्हणून थोडक्या रक्तात दोन कामे. त्यामुळे तेच अंतर त्याच वेगाने धावूनही उन्हात नाडी अधिक चढते आणि उशिरा उतरते. पाणी न पिता, रिकाम्या पोटी नुसता चहा घेऊन, रात्रभर जागून, अंगात कसर असताना धावलो तरी तेच होते. आमच्यातल्या निम्म्या मुली पहाटे चहावरच पळतात. मीही त्यांत होते.

आणि मग रक्त कमी असणे. ह्यावर मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण ह्यात आम्ही मुली बहुसंख्य आहोत. हिमोग्लोबिन हे प्राणवायू वाहून नेणारे वाहन. हळदीची पोती मोंढ्यावर न्यायला बारा गाड्या लागत असतील आणि आपल्याकडे साडेआठच असतील, तर माल तेवढाच पोचवायला गाड्यांना जास्त खेपा कराव्या लागतील. हृदय नेमके हेच करते. माल कमी म्हणून खेपा जास्त. बसल्या जागी ते निभावते, धावताना निभावत नाही, आणि थांबल्यावर उधारी फेडत बसते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे आमच्या वर्गात माझ्या बाकावर दोघी बसत असतील, तर हिशेबाने त्यांतली एक. हा आकडा वर्तमानपत्रात वाचला असता तर मी पान उलटले असते. स्वतःच्या कागदावर ८.६ वाचल्यावर मला तो समजला.

येथे एक कबुली द्यायची आहे. शाळेत असताना आठवड्याला एक निळी गोळी मिळत असे. लोहाची. सरकार ती किशोरवयीन मुला-मुलींना फुकट देते. बाई समोर उभ्या राहून खायला लावत. आम्ही ती जिभेखाली ठेवून नंतर शाळेच्या मागच्या बाभळीत थुंकत होतो. मळमळते, शौचाला काळे होते, ‘ती मुले न होण्याची गोळी आहे’ अशी एक अफवाही होती. शौचाला काळे होणे हा त्या गोळीचा साधा परिणाम आहे, त्यात काही बिघडत नाही, एवढे एक वाक्य आम्हांला कोणी समजावून सांगितले असते, तर बाभळीखाली निळा सडा पडला नसता. पण थुंकले मी, हेही खरे.

आता एक गंभीर गोष्ट. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंड राज्यात उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत उमेदवारांना एका तासात १० किलोमीटर धावायचे होते. त्या चाचणीच्या काळात दहाहून अधिक तरुण मरण पावले आणि भरती काही दिवस थांबवावी लागली. ती माणसे आपल्यासारखीच होती. कोणाच्या तरी दोन एकरांतून उठून आलेली. त्यांच्या मृत्यूंची कारणे एकाच वाक्यात सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि नाडी मोजली असती तर ते वाचले असते असेही मी म्हणणार नाही. पण उन्हात, अपुऱ्या झोपेने, अपुऱ्या सरावाने, अंगातल्या कशाचाही पत्ता नसताना एकाच दिवशी सगळा जीव पणाला लावायचा, ही रीत झारखंडात आहे तशी आपल्याकडेही आहे. रात्रीच्या गाडीने निघायचे, परक्या शहरात मैदानाच्या भिंतीला पाठ लावून झोपायचे आणि पहाटे पळायचे. आमच्या गावातली मुले अशीच गेली आणि अशीच येतील.

त्यांना निदान एवढे तरी सांगावे, की रेघ ओलांडल्यावर आडवे पडू नका. धावताना पोटऱ्यांचे स्नायू आवळले-सुटले जातात आणि पायातले रक्त वर ढकलतात. एकदम थांबलो की ते ढकलणे बंद. रक्त पायात साचते, डोक्याला कमी पडते आणि चक्कर येते. पाच मिनिटे हळूहळू चालत राहावे. पाणी घोट घोट प्यावे. धावताना छातीत दुखले, शुद्ध हरपली, ठोके मध्येच चुकतात असे वाटले, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेले असेल, तर मात्र बोटांवर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावे. आणि ज्यांची चक्कर पाण्याचा शिपका मारल्यावर गेली, त्यांनीही ‘काही नाही, पित्त झालं असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

माझ्या चुलतभावाला मी हे सगळे सांगितले तेव्हा तो चिडला. तो २०२४ च्या भरतीत लेखी परीक्षेपर्यंत पोचून राहिला होता. म्हणाला, "ताई, गरिबाच्या पोरानं नाडी मोजत बसावं का नोकरी बघावी? डॉक्टरनं पळू नको म्हणलं तर मग काय करू? वय निघून जायलंय." त्याचे म्हणणे मला लागले. अजूनही लागते. तपासले नाही तर आजार नाही, अशा समजुतीवर आमच्यातली बरीच घरे चालली आहेत, आणि ती समजूत मूर्खपणातून आलेली नाही. तपासणीनंतरचा खर्च झेपणार नाही ह्या भीतीतून आलेली आहे. पण माझ्या बाबतीत काय झाले ते मी त्याला सांगितले. मी न मोजता आणखी सहा महिने पळाले असते तरी माझी वेळ ३ मिनिटे २५ सेकंदांखाली आली नसती. कारण अडचण पायात नव्हती. नाडी मोजणे म्हणजे पळणे सोडणे नव्हे. उलट वाया जाणारे पळणे सोडणे होय. तो काही बोलला नाही. मात्र आठ दिवसांनी त्याने मला विचारले, की गळ्यावर नेमके कुठे सापडते.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे अविनाश साबळे यांचे गाव. तेही आपल्या मराठवाड्याचेच, शेतमजुरी-वीटभट्टी बघितलेल्या घरातले. सैन्यात गेल्यावर धावू लागले आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत उतरले. त्यांचे छायाचित्र आमच्या मैदानावरच्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे. पण त्यांना शिकवायला सैन्यात जाणकार प्रशिक्षक मिळाले, हे आपण विसरतो. आपण त्यांची जिद्द तेवढी घेतो. ज्यांना प्रशिक्षक नाही, त्यांनी स्वतःचा प्रशिक्षक स्वतः व्हायचे तर हाताशी काहीतरी मोजमाप नको का?

म्हणून महाविद्यालयाकडे माझी मागणी आहे, आणि ती ह्या अंकातून जाहीरपणे करते. जिमखान्यात वेळांची वही आहे, तशी नाड्यांचीही एक वही असावी. खर्च शून्य. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत एक चाचणी तयार झाली. ती आजही होते. सुमारे ५० सेंटीमीटर उंचीच्या बाकावर (मुलींसाठी थोडा बुटका घेतात) मिनिटाला तीस वेळा, पाच मिनिटे चढ-उतर करायची. मग बसायचे, आणि थांबल्यानंतरच्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या मिनिटाच्या सुरुवातीचे तीस-तीस सेकंद नाडी मोजायची. चढ-उतर केलेले सेकंद गुणिले शंभर, भागिले तिन्ही संख्यांच्या बेरजेची दुप्पट. पाच मिनिटे पुरी करणाऱ्याचे ठोके ८०, ६५ आणि ५५ भरले तर बेरीज २००. तीस हजारांना चारशेने भागले की ७५. ऐंशीच्या वर गेला तर चांगला समजतात. आपल्या वर्गातल्या मोडक्या बाकांपैकी एक सुताराकडून नीट करून घेतला की प्रयोगशाळा तयार. सत्राच्या आरंभी एकदा, शेवटी एकदा.

दुसरी मागणी मुलींपुरती. गेल्या वर्षी महाविद्यालयात रक्तदान शिबिर झाले. रक्त द्यायला हिमोग्लोबिन १२.५ लागते. बोटाला सुई टोचून बघत होते आणि एकामागून एक मुली परत येत होत्या. "रक्त कमी आहे, जा." आम्ही हसत बाहेर आलो, सुईतून सुटलो म्हणून. मीही त्या दिवशी परत आले होते, आणि कोणी रक्त तपासले आहे का असे आशाताईंनी विचारल्यावर ‘कधीच नाही’ म्हणाले. मला ती तपासणी वाटलीच नव्हती! ज्यांनी रक्त दिले त्यांना प्रमाणपत्र मिळाले. ज्यांच्यात ते नव्हते त्यांची नावेही कोणी लिहून घेतली नाहीत. मला वाटते, त्या दिवशीची खरी यादी तीच होती. पुढच्या शिबिरात तेवढे एक टेबल वाढवावे : परत पाठवलेल्या प्रत्येकीचे नाव, आकडा, आणि तिला कोणत्या वारी कोणत्या दवाखान्यात जायचे ते.

माझ्यापुरते सांगायचे तर तीन महिने मी जोरात धावणे सोडून नुसती चालले. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळ्या घेतल्या. चहाबरोबर नव्हे, लिंबाच्या पाण्याबरोबर. चहा लोह अंगी लागू देत नाही. हिमोग्लोबिन ११.४ वर आले आहे. पळून थांबल्यावर पहिल्या मिनिटात माझी नाडी आता ३४-३५ ठोके उतरते आणि पाच मिनिटांनी १०२-१०४ असते. आशाताईंनी मोजली त्या दिवशीचा थांबल्याक्षणीचा आकडा माझ्याकडे नाही, कारण तो मोजायचा असतो हेच तेव्हा ठाऊक नव्हते. ८०० मीटरची वेळ ३ मिनिटे ९ सेकंद. पूर्ण गुणांपासून अजून दूर आहे. भाऊंनी आता मैदानावर दुसरी वही घातली आहे, त्यात सात नावे आहेत, आणि वेळेच्या वहीपेक्षा तिच्यावरच जास्त भांडणे होतात.

परवा माय हळद काढायच्या कामावरून आली आणि ओसरीवर टेकली. पाणी पिऊन झाले, पंधरा-वीस मिनिटे गेली. सहज तिचा हात हातात घेतला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजले. १०८. ती म्हणाली, "माझी कशाला बघायलीस? मला कुठं पळायचंय?" पूर्ण मिनिट पुन्हा मोजले. १०६. बुधवारी तिला दवाखान्यात न्यायचे ठरले आहे. त्या दिवशीचा रोज बुडेल म्हणून ती आतापासूनच कुरकुरते आहे.